मावळातील हिरव्या कडेचा बेसॉल्ट : निर्मिती, ओळख आणि नोंदीचा प्रश्न

बीजशब्द : दख्खन ट्रॅप, बेसॉल्ट, सेलाडोनाइट, ॲपोफिलाइट, झिओलाइट, भूवारसा

प्रस्तावना

मावळातील दगड काळा, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. लोहगड-विसापूरचे कडे, कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी, वाड्यांची जोती आणि घरातील पाटा-वरवंटा यांनी ती दृढ केली आहे. परंतु लोणावळा-खंडाळा परिसरात नुकताच फोडलेला दगड जवळून पाहिला, तर त्याच्या करड्या पृष्ठभागावर पुष्कळदा ज्वारीच्या दाण्यापासून बोराएवढे ठिपके आढळतात. ठिपक्याची कड हिरवी असते आणि आतील भाग पांढरा, दुधी किंवा काचेसारखा असतो. दगड सपाट कापला असता ही हिरवी वलये नक्षीप्रमाणे उठून दिसतात. पोकळी मोठी असेल तर तिच्या आत सुट्या, पैलूदार स्फटिकांची दाटी झालेली असते. अशा स्फटिकांना जगभरातील खनिजसंग्राहकांकडून मागणी आहे.

ही हिरवी नक्षी कशी तयार झाली, ती कशी ओळखावी आणि तिच्या अभ्यासात कोणती उणीव राहिली आहे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. नमुन्याचे सौंदर्य घरी आणता येते. त्याचे स्थान मात्र लिहून घेतले नाही तर कायमचे नष्ट होते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

लाव्हाप्रवाह आणि लोणावळ्याचे स्थान

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पश्चिम व मध्य भारतात लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले. त्यांतून साचलेले थर दख्खन ट्रॅप या नावाने ओळखले जातात. आजही त्यांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले आहे. प्रवाहांवर प्रवाह साचत गेल्याने सह्याद्रीला पायऱ्यांसारखे रूप आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूशास्त्रज्ञांनी या थरांची रासायनिक घटकांच्या आधारे विभागणी केली. खालचा तो कळसूबाई उपगट, मधला लोणावळा उपगट आणि वरचा वाई उपगट. लोणावळा उपगटात खंडाळा व बुशे या दोन थरसमूहांचा समावेश होतो. चिक्की आणि पावसाळी सहलींसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाचे नाव जागतिक भूशास्त्रीय साहित्यात अशा रीतीने रूढ झाले आहे, याची जाणीव आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच असते.

हे थर बहुतांशी आडवे आहेत. त्यामुळे घाटातील एखाद्या बिंदूची उंची कळली, की तो दगड कोणत्या प्रवाहातील असावा याचा अंदाज बांधता येतो. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

पोकळी, पाणी आणि हिरवी कड

लाव्हा भूपृष्ठावर आला की त्यावरील दाब कमी होतो आणि त्यात विरघळलेले वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागतात. पृष्ठभाग लवकर थिजल्याने अनेक बुडबुडे आतच अडकतात. म्हणूनच प्रवाहाचा वरचा भाग सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. लेण्यांसाठी व बांधकामासाठी उपयुक्त ठरतो तो घट्ट भाग. स्फटिकांची जोपासना होते ती सच्छिद्र भागात. विहीर खणणारे लोक घट्ट दगडाला 'काळा पाषाण' आणि सच्छिद्र, तुलनेने मऊ दगडाला 'मांजऱ्या' म्हणतात. भूशास्त्राच्या पुस्तकात हा भेद येण्यापूर्वीच तो लोकव्यवहारात होता.

पोकळ्या भरण्याचे काम मात्र पाण्याने केले. खडकातून झिरपणाऱ्या कोमट व उष्ण पाण्याने बेसॉल्टमधील काचद्रव्य आणि काही खनिजे विरघळवली. सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम, लोह इत्यादी द्रव्ये वाहून आणली आणि पोकळीच्या भिंतीवर एकामागून एक थर दिले. आरंभीच्या थरांत बहुधा सेलाडोनाइट किंवा क्लोराइट यांसारखी हिरवी, मातकट खनिजे असतात. त्यानंतर सिलिकेचे थर, ह्यूलँडाइट व स्टिल्बाइट यांसारखे झिओलाइट आणि पुष्कळदा शेवटी ॲपोफिलाइट व कॅल्साइट असा क्रम आढळतो. हा क्रम सर्वत्र सारखा नसतो. तरीही बाहेरून आत जाणे म्हणजे जुन्याकडून नव्याकडे जाणे, हे सूत्र सामान्यतः लागू पडते. पाण्याचे हे कार्य दीर्घकाळ चालले. दख्खनमधील ॲपोफिलाइटच्या वयोमापनावर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसून आले, की काही स्फटिक लाव्हा थिजल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झाले. तात्पर्य, खडक अग्नीतून जन्मला असला तरी त्यावरील नक्षी जलजन्य आहे.

दोन प्रकारचे हिरवे

हिरव्या रंगाविषयी एक गैरसमज प्रचलित आहे. हिरवा दिसणारा प्रत्येक भाग एकाच द्रव्याचा असतो, किंवा तांब्यामुळे हिरवा होतो, असे मानले जाते. मावळ व पुणे परिसरातील हिरव्या रंगामागे किमान दोन भिन्न कारणे आहेत.

पहिले कारण सेलाडोनाइट. हे अभ्रकाच्या कुळातील, पोटॅशियम, लोह व मॅग्नेशियमयुक्त खनिज आहे. त्यातील लोह दोन भिन्न अवस्थांत असते आणि त्यामुळे निळसर हिरवी छटा येते. पारदर्शक सिलिकेत सेलाडोनाइटचे किंवा क्लोराइटचे धागे अडकले की शेवाळ्याचा भास होतो. 'शेवाळी अकीक' म्हणून विकल्या जाणाऱ्या दगडात वनस्पतीचा अंशही नसतो. याच जातीच्या हिरव्या मातीचा वापर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत रंगद्रव्य म्हणून झालेला आहे. ज्या खडकात लेणे कोरले, त्याच खडकाच्या कुळातून चित्राचा हिरवा रंग मिळावा, हा योग लक्षणीय आहे.

दुसरे कारण हिरव्या ॲपोफिलाइटचे. शुद्ध ॲपोफिलाइट रंगहीन असते. अत्यल्प व्हॅनेडियम मिसळल्याने त्याला पुदिन्यासारखी हिरवी छटा प्राप्त होते. पुण्याजवळील पाषाण येथील जुन्या खाणी आणि राहुरी तालुक्यातील मोमीन आखाडा ही अशा स्फटिकांची ख्यातनाम स्थाने होत. पुण्याच्या पूर्वेकडील वाघोली येथील खाणीत मिळालेले गर्द निळे कॅव्हनसाइट हेही व्हॅनेडियमयुक्त खनिज आहे. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगन राज्यात सापडले. परंतु त्याचे उत्कृष्ट नमुने वाघोलीचे मानले जातात.

वर्गात करता येण्याजोगी ओळख

महागड्या उपकरणांशिवायही प्राथमिक ओळख शक्य आहे. सेलाडोनाइट मऊ व मातकट असते. नखाने खरवडले तरी हिरवी भुकटी निघते. कॅल्साइटवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले असता ते फसफसते. गारगोटीची कठिणता ७ असल्याने ती काचेवर ओरखडा पाडते. ॲपोफिलाइटची कठिणता ४.५ ते ५ एवढीच असते. ॲपोफिलाइटचे स्फटिक चौकोनी असून त्यांचे आडवे पापुद्रे सहज सुटतात. त्या पृष्ठावर मोत्यासारखी झळाळी असते. त्यावरून त्याला पूर्वी 'मत्स्यनेत्री दगड' अशा अर्थाचे नाव होते. तापविल्यावर ते पानापानांनी उलते व त्यातील पाणी निघून जाते. बाजारात त्याची गणना झिओलाइटांत होत असली, तरी शास्त्रीय वर्गीकरणात ते झिओलाइट नाही. झिओलाइट हे नाव क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने १७५६ मध्ये दिले. तापविल्यावर उकळल्याप्रमाणे भासणारा दगड, असा त्याचा अर्थ आहे.

घाटातून संग्रहालयात

पुणे परिसरातील या खनिजांकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष फार लवकर गेले. १८३१ मध्ये पुण्याच्या नावावरून 'पूनाहलाइट' असे एका खनिजाचे नामकरणही झाले होते. पुढे ते स्वतंत्र खनिज नसल्याचे निष्पन्न झाले आणि नाव मागे पडले.

खरी उलथापालथ बोरघाटातील रेल्वेने घडवली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या योजनेनुसार १८५६ मध्ये सुरू झालेले घाटाचे काम १८६३ मध्ये पूर्ण झाले. या मार्गाने १८३१ फुटांची चढण पार केली आणि त्यासाठी २५ बोगदे खोदले गेले. हजारो मजुरांच्या श्रमांतून एरवी न दिसणारे कितीतरी प्रवाह उघडे पडले. त्यांतील स्फटिक युरोपातील संग्रहालयांत पोहोचले. परंतु नमुन्याच्या चिठ्ठीवर केवळ 'बोरघाट' किंवा 'पूना' एवढेच लिहिलेले असेल, तर अभ्यासकाच्या हाती काय लागते? १८३१ फुटांच्या चढणीत अनेक प्रवाह आहेत. नमुना कोणत्या बोगद्यातील, कोणत्या उंचीवरील हे ठाऊक नसेल, तर तो सुंदर राहतो. पुरावा राहत नाही.

याउलट उदाहरणही आपल्या जवळचेच आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील सुखेश्वाला आणि त्यांचे सहकारी अवासिया व गंगोपाध्याय यांनी १९७४ मध्ये पश्चिम भारतातील झिओलाइटांच्या वितरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणते खनिज कोठे आढळते याची पद्धतशीर नोंद घेऊन त्यांनी त्यामागील क्रम शोधण्याचा प्रयत्न केला. महाविद्यालयीन प्राध्यापकांनी केलेल्या स्थाननोंदींमधून असे मूलभूत कार्य उभे राहू शकते, हे येथे अधोरेखित करावेसे वाटते.

ब्रास आणि नग

बांधकामाचा दगड कायद्याने गौण खनिज आहे. त्याचे मोजमाप ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या एककात होते. खडी करणाऱ्याच्या दृष्टीने स्फटिकांनी भरलेला मांजऱ्या हा दुय्यम प्रतीचा माल असतो. संग्राहकाच्या दृष्टीने त्यातील एक नग मोलाचा असतो. सुरुंग उडाल्यानंतर क्रशरमध्ये जाण्यापूर्वी जो मजूर पोकळी ओळखतो व स्फटिक अलगद सोडवतो, त्याच्या नजरेमुळेच जगातील अनेक उत्तम नमुने वाचले आहेत. मात्र नग हातोहात फिरू लागला की गाव, खाण व थर यांची माहिती गळत जाते. कधी विक्रेता खाण गुप्त ठेवतो, कधी जवळच्या मोठ्या शहराचे नाव देतो.

म्हणून खाणीकडे निव्वळ विध्वंस म्हणून पाहणे एकांगी ठरेल. खाण व रस्ता झाले नसते तर हे स्फटिक दिसलेच नसते. परंतु उघडा पडलेला छेद फार काळ टिकत नाही. द्रुतगती मार्गाच्या कडांवर जाळ्या व काँक्रीट येते. बोगद्याच्या भिंती अस्तराने झाकल्या जातात. बंद खाणीत पाणी साचते किंवा भराव टाकून इमारती उभ्या राहतात. निरीक्षणाचा अवधी कधी काही आठवड्यांचाच असतो. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयाने झिओलाइटांचे उत्तम दर्शन घडवले आहे. परंतु संग्रहालय नमुना जपते, मूळ छेद जपू शकत नाही. भूवारसा स्थळांच्या संरक्षणासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. कायदा असो वा नसो, नोंद घेण्यासाठी कोणाच्या आदेशाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

महाविद्यालयांसाठी सूचना

भूगोल, भूशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना अल्प खर्चात पुढील उपक्रम हाती घेता येतील :

१. परिसरात नव्याने उघडलेल्या प्रत्येक छेदाचे, संबंधितांची परवानगी व सुरक्षिततेची काळजी घेऊन, मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे.

२. प्रत्येक नमुन्यासोबत गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, प्रवाहातील स्थान (माथा, मध्य वा तळ) आणि दिनांक लिहावा.

३. पोकळीतील थरांचा क्रम बाहेरून आत असा नोंदवावा.

४. खाणकामगार व विहीर खणणारे यांच्याकडील शब्द व माहिती टिपून घ्यावी.

५. जुन्या संग्रहातील नमुन्यांच्या चिठ्ठ्या तपासाव्यात. अनिश्चित माहितीवर तर्काने स्थान लिहू नये.

६. संरक्षित लेणी, किल्ले व वनक्षेत्र येथून नमुना घेऊ नये. तेथे छायाचित्र पुरेसे आहे.

समारोप

मावळातील हिरव्या कडेच्या दगडात दोन इतिहास एकत्र आहेत : काळ्या भागात लाव्हाचा, हिरव्या-पांढऱ्या भागात पाण्याचा. पहिला इतिहास डोंगराच्या आकारामुळे सहज नजरेत भरतो. दुसरा बोराएवढ्या पोकळीत दडलेला असतो आणि तो वाचण्यासाठी ती पोकळी कोठे होती हे माहीत असावे लागते. बोरघाटातील पहिल्या खोदकामाच्या वेळी ही माहिती जपण्याची साधने व जाण मर्यादित होती. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातातील भ्रमणध्वनीत स्थाननिश्चिती व छायाचित्रण या दोन्ही सोयी आहेत. अलीकडेच लोणावळा परिसरात महामार्गाच्या नव्या बोगद्यांसाठी पुन्हा एकदा डोंगर खोदला गेला. पुढचा छेद उघडा पडेल तेव्हा तेथे वही घेऊन कोणी तरी उपस्थित असावे, एवढी अपेक्षा परिसरातील महाविद्यालयांकडून करणे अवाजवी ठरणार नाही.