परिचारिकेची पदवी आणि आपण

बारावीचे निकाल लागले की आमच्या शहरातील सुशिक्षित घरांतून एक ठरावीक उतरंड रचली जाते. आधी वैद्यकीय, गुण कमी पडले तर दंतवैद्यक, तेही हुकले तर आयुर्वेद वा होमिओपॅथी, आणि अगदीच न जमले तर फिजिओथेरपी. बी. एस्सी. नर्सिंग हे नाव या उतरंडीच्या तळाशी, पुष्कळदा तिच्या बाहेरच, उभे असते. आजोबांच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या घराने 'सिस्टर फार चांगल्या होत्या हो' असे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले, त्याच घरातील मुलीने हे नाव काढले की दिवाणखान्यात क्षणभर शांतता पसरते.

ती शांतता आम्ही जवळून अनुभवली आहे. वृत्तपत्राच्या व्यवसायात येण्यापूर्वी काही वर्षे आम्ही शाळामास्तर होतो. आमची एक हुशार विद्यार्थिनी परिचर्येची पदवी घ्यायची म्हणून हटून बसली. तिचे वडील बँकेत अधिकारी; सज्जन आणि वाचनाची आवड असलेले गृहस्थ. ते घरी आले आणि म्हणाले, "सर, ती तुमचे ऐकते. तुम्हीच समजवा. इतके गुण मिळवून लोकांची बेडपॅन उचलायची का तिने?" आम्ही तिला समजावले. आज कबूल करताना संकोच वाटतो, पण आम्ही वडिलांचीच बाजू मांडली. सुदैवाने तिने आमचे ऐकले नाही.

हा पूर्वग्रह कालपरवाचा नव्हे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा परक्याच्या अंगाला हात लावण्याचे काम घरंदाज स्त्रीने करावे काय, हाच प्रश्न समाजापुढे होता. तो प्रश्न अजूनही पुरता मेला आहे असे आम्हांस वाटत नाही. आता त्याने गुणपत्रिकेचा वेष घेतला आहे, एवढेच.

भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका होत्या. म्हणजे त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. मुंबईत ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ साली आपले परिचर्या महाविद्यालय काढले. ही पदवी या देशात इतकी जुनी असूनही तिच्यात काय शिकवतात हे पालकांना विचारले, तर इंजेक्शन देणे आणि बँडेज बांधणे यापलीकडे फारसे कोणी जात नाही. वस्तुस्थिती अशी की चार वर्षांच्या या अभ्यासक्रमात शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, आहार, मानसशास्त्र, प्रसूती, बालरोग, मनोरुग्णांची शुश्रूषा, सार्वजनिक आरोग्य आणि संख्याशास्त्रसुद्धा येते. २०२१ पासून त्याची विभागणी आठ सत्रांत झाली असून अखेरचे सत्र वॉर्डातील प्रत्यक्ष कामाचे आहे. त्यानंतर राज्याच्या परिषदेकडे नाव नोंदवले जाते आणि मगच ती नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका ठरते. 'ती' हा शब्द आम्ही सवयीने वापरला. आता मुलगेही या शिक्षणाला येतात, आणि रुग्ण त्यांना 'ब्रदर' म्हणू लागले आहेत.

शुश्रूषा हे मायेचे काम, त्याला पदवी कशाला, असे म्हणणारे लोक दुष्ट नसतात. आम्हीही एकेकाळी तसेच म्हणत होतो. आमचे मत बदलले ते एका रात्री. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींवर शस्त्रक्रिया झाली. तिसऱ्या रात्री त्या असंबद्ध बोलू लागल्या. वय झाले, औषधाची गुंगी आहे, असे म्हणून आम्ही उशाशी बसून राहिलो. रात्रपाळीची परिचारिका आली. रक्तदाब ठीक होता, ताप नव्हता. तिने घड्याळ समोर धरले आणि पुरा एक मिनिट मातोश्रींचा श्वास मोजला. अठ्ठावीस. ती काही न बोलता गेली आणि झोपलेल्या डॉक्टरांना उठवून घेऊन आली. संसर्ग रक्तात उतरू लागला होता. रक्तदाब ढासळण्याआधीच श्वास वाढतो आणि म्हातारे माणूस बरळू लागते, हे तिला ठाऊक होते. माया आमच्याजवळही होती; पण त्या रात्री ती उपयोगी पडली नाही.

तीच गोष्ट औषधाची. पोटॅशियम क्लोराइडची कुपी द्रावात न मिसळता सरळ शिरेत टोचली तर हृदय बंद पडू शकते. घाईत लिहिलेल्या सूचनेत अशी चूक राहिली, तर रुग्ण आणि मृत्यू यांच्यामध्ये शेवटची उभी असते ती परिचारिका. 'डॉक्टर, हे मी देणार नाही' असे म्हणायला धैर्य लागते, आणि त्या धैर्याला ज्ञानाचा आधार नसेल तर तो नुसता उद्धटपणा ठरतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि त्यांची जाणीव कायमची हरपली. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाले नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. या सेवेबद्दल आपण सगळे गहिवरून बोललो. आणि गहिवरण्याजोगेच ते होते. परंतु शय्याव्रण गहिवराने टळत नाही. ठरावीक तासांनी कूस बदलणे, हाडाच्या उंचवट्यावरील त्वचा रोज तपासणे, आहारातील प्रथिनांवर नजर ठेवणे आणि हे सारे पाळीमागून पाळीत एकही खंड न पडू देता चालवणे, असे ते शास्त्र आहे. त्याला 'त्याग' असे एकच नाव देऊन आपण त्यातील विद्या नजरेआड केली.

पदवीने खरोखर फरक पडतो काय? २०१४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील नऊ देशांतील तीनशे रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यांनी तपासली होती. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल तेथे रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष मात्र कोणी फारसा सांगत नाही: एका परिचारिकेवर एक रुग्ण अधिक टाकला की ती शक्यता सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे पदवीने जे मिळवावे, ते एका वाढीव खाटेने घालवावे! असे अभ्यास संबंध दाखवतात, कार्यकारण सिद्ध करीत नाहीत, हे खरे. तरीही त्या रात्री मातोश्रींचा श्वास मोजणाऱ्या मुलीकडे चौदा रुग्ण होते, आणि शिवाय भांडाराची नोंदवही भरण्याचे काम होते, हे आम्हांस विसरता येत नाही.

आमची खरी तक्रार येथे आहे. आपण तिला चार वर्षे शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र शिकवतो, आणि मग कारकुनी, साठ्याची मोजदाद व नातेवाइकांचे बोल ऐकणे यांत तिची पाळी संपवतो. वेतनाची कथा निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने सांगितले की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी परिचारिकांना सरकारी परिचारिकांइतके वेतन द्यावे, आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी ते महिना वीस हजारांच्या खाली नसावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. तिचे पुढे काय झाले, हे कोणत्याही लहान रुग्णालयातील सिस्टरला विचारावे. मग या मुली जर्मन शिकतात, इंग्रजीच्या परीक्षा देतात आणि निघून जातात. २०१३ पासून इंग्लंडात पदवीवाचून नवी परिचारिका होता येत नाही. आमच्या पदवीचे मोल तिकडे कळते. जाणाऱ्यांना देशभक्तीचे पाठ देण्याचा अधिकार, मार्च २०२० मध्ये सज्जात उभे राहून थाळ्या वाजवणाऱ्या आणि त्याच सुमारास भाड्याने राहणाऱ्या परिचारिकांना खोली रिकामी करायला सांगणाऱ्या समाजाला आहे, असे आम्हांस वाटत नाही.

दुसरीकडे पदवीचा बाजारही भरला आहे. मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ३०८ परिचर्या महाविद्यालये तपासली, तेव्हा १६९ योग्य, ७३ सदोष आणि ६६ अपात्र ठरली. आणि मे २०२४ मध्ये या तपासातील काही अधिकारीच लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. ज्या महाविद्यालयाला रुग्णालयच नाही, तेथील पदवीधर मुलगी रुग्णाचा श्वास कोठे मोजायला शिकणार? ही गोष्ट दुसऱ्या राज्यातील म्हणून आपण निर्धास्त राहू नये.

आमची ती विद्यार्थिनी आज एका परिचर्या महाविद्यालयात शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत पालक तिला फी विचारतात, वसतिगृह विचारतात, परदेशी नोकरीचे विचारतात. वॉर्ड कोणी पाहायला मागत नाही, असे ती परवा सांगत होती. येत्या काही आठवड्यांत ज्यांच्या घरी हा विषय निघेल, त्यांनी प्राचार्यांच्या दालनात चहा घेण्याआधी सकाळी आठ वाजता, पाळी बदलत असताना, त्या महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. खाटांवर रुग्ण आहेत काय ते पाहावे, आणि विद्यार्थिनींच्या शेजारी त्यांच्या बाई उभ्या आहेत काय, तेही पाहावे.