चाकांवरचे घर केवढे असावे?

घराला चाके लावून रानावनात राहायला गेलो तर? अमेरिकेत अशी फिरती घरे पुष्कळ आहेत. त्यांना तिकडे 'आर. व्ही.' म्हणतात. आत बिछाना, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सारे काही असते. मग घर जेवढे मोठे तेवढी मौज अधिक, असे तुम्ही म्हणाल. पण जिथे नळ नाही आणि विजेची तारही नाही, अशा जागी मुक्काम करायचा तर आधी कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते.

प्रथम पाणी पाहू. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या भू-व्यवस्थापन खात्याच्या बऱ्याच मोकळ्या जमिनींवर एका ठिकाणी साधारणतः १४ दिवस राहता येते. दोघांनी रोज प्रत्येकी १० लिटरमध्ये भागवले (अंघोळ बेताचीच!) तरी २८० लिटर पाणी हवे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे झाले २८० किलो. आता समजा, गाडीचे एकूण वजन जास्तीत जास्त ४००० किलो चालते आणि रिकामी गाडीच ३४०० किलोंची आहे. उरले ६०० किलो. त्यातून दोन माणसांचे १४० आणि पाण्याचे २८० वजा करा. राहिलेल्या १८० किलोंत शिधा, गॅस, कपडे, हत्यारे सारे बसवायचे! बरे, पाणी वापरले की वजन उतरले असेही नाही. सांडपाणी टाकीत साठवून परत न्यायचे असते.

विजेचे गणितही असेच आहे. छपरावर २०० वॉटचे सौर पॅनेल आहे, ५ तास चांगले ऊन मिळाले आणि ३० टक्के ऊर्जा वाया गेली असे धरा. हाती येते ७०० वॉट-तास. त्यावर छोटा फ्रीज आणि दिवे चालतील. पण १५०० वॉटचे वातानुकूलन यंत्र ८ तास सलग चालवले, तर १२,००० वॉट-तास लागतात. म्हणजे सतरा दिवसांचे ऊन एका रात्रीत फस्त! झाडाखाली गाडी लावावी, तर आत गारवा मिळतो पण वीज मिळत नाही.

मग सरळ मोठी गाडी घ्यावी का? तिच्यात पाणी जास्त मावेल, छपरावर पॅनेलही जास्त बसतील. अडचण येते ती शेपटीची. मोठ्या गाडीचा बराच भाग मागच्या चाकांच्याही मागे लोंबतो. हा भाग २.५ मीटर लांब आणि जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंच असेल, तर कोनाचे टॅन्जंट ०.४० ÷ २.५ = ०.१६, म्हणजे कोन सुमारे ९ अंश. ओढ्यातून पलीकडचा याहून उभा काठ चढताना शेपूट जमिनीला घासणार. आणि सांडपाण्याचे नळ पुष्कळदा तिथेच असतात! शेपूट १ मीटरचीच असेल, तर हा कोन जवळजवळ २२ अंश येतो. शाळेची बस उभी असताना, शिक्षकांना बरोबर घेऊन, तिचा कोन मोजून पाहा.

म्हणून कच्च्या वाटांनी हिंडणाऱ्या दोघांना सहा मीटरच्या आसपासची गाडी पुरे, असे मला वाटते. चार-पाच जणांच्या कुटुंबाला ती अपुरी पडेल. अशी कुटुंबे कधी कधी मोठ्या घरामागे छोटी मोटार बांधून नेतात. घर पक्क्या रस्त्यालगत ठेवतात आणि आतल्या वाटा मोटारीने पाहतात.

पक्क्या रस्त्यावरही लांबी आड येतेच. माँटाना राज्यातील ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानात 'गोइंग-टू-द-सन' हा १९३३ साली खुला झालेला घाटरस्ता आहे. त्याच्या कड्यालगतच्या मधल्या भागात २१ फुटांहून, म्हणजे सुमारे ६.४ मीटरहून, लांब वाहनाला सोडत नाहीत. लांबी मोजताना पुढचा-मागचा बंपरही धरतात.