‘होम, स्वीट होम’चा कर्ता

पाश्चात्त्य संगीताशी ज्यांचा फारसा परिचय नाही, त्यांच्याही कानांवरून ‘होम, स्वीट होम’ची चाल एकदा तरी गेलेली असते. पण ते पद कोणी लिहिले असे विचारले, तर जाणकारही घुटमळतात. आपल्याकडील नाट्यपदांची गत काय निराळी आहे? गाणारा आठवतो, चाल ओठांवर येते, पदकर्ता मात्र मागे राहतो.

या पदाचा कर्ता जॉन हॉवर्ड पेन १७९१ साली न्यूयॉर्क येथे जन्मला. चौदाव्या वर्षीच त्याने नाट्यविषयक नियतकालिक काढले, पुढल्याच वर्षी त्याचे पहिले नाटक रंगभूमीवर आले आणि १८०९ मध्ये हा पोरसवदा नट न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरात नायक म्हणून उभा राहिला. १८१३ साली तो इंग्लंडला गेला. तेथे नट म्हणून त्याचा फारसा जम बसला नाही, म्हणून त्याने लेखणी धरली. १८१८ मध्ये एडमंड कीनने त्याचे ‘ब्रूटस’ गाजविले. आधीच्या अनेक नाटकांतून आपण उचल केली आहे हे पेनने प्रस्तावनेतच सांगून टाकले होते. तरीही वाङ्मयचौर्याचा ठपका त्याच्यावर आलाच. ज्या रंगभूमीने मोलिएरचे ‘संशयकल्लोळ’ आपलेसे केले, तिच्या प्रेक्षकांनी तरी त्याला यासाठी दोष देऊ नये!

नाटके चालली, पण पैसा टिकला नाही. स्वतः नाटकगृह चालविण्याच्या खटाटोपात तो बुडाला आणि कर्जापायी लंडनच्या फ्लीट तुरुंगात गेला. पुढे पॅरिसला राहून त्याने ‘क्लारी’ हा ऑपेरा लिहिला. ८ मे १८२३ रोजी कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. बड्या उमरावाबरोबर घर सोडून गेलेली खेड्यातली मुलगी वाड्याच्या ऐश्वर्यात आपली झोपडी आठवून गाते, ते हे पद.

चाल हेन्री बिशपची. दोन वर्षांपूर्वी निघालेल्या देशोदेशींच्या चालींच्या संग्रहात सिसिलीची चाल हवी होती. ती मिळेना, तेव्हा बिशपने स्वतःच एक बांधून दिली आणि तीच येथे सुधारून घेतली. शुद्ध स्वरांची ही चाल आपल्या बिलावल थाटात सहज बसते. फार वर चढत नाही, फार खाली उतरत नाही. ज्याला तान येत नाही, त्यालाही ती गाता येते. माझ्या मते पदाच्या कीर्तीचा निम्मा वाटा या सोपेपणाचा आहे, कारण पेनचे शब्द वाचावयास बेताचेच आहेत. दोनिझेत्तीनेही १८३० च्या ‘आन्ना बोलेना’त ही चाल घेतली. बिशप पुढे ‘सर’ झाला. पेनने इतर नाटकांबरोबर ‘क्लारी’ही अडीचशे पौंडांच्या आत ठोक विकून टाकली होती. छापील पदाच्या एका वर्षात लाखभर प्रती खपल्या असे सांगतात. त्यातला लाभ प्रकाशकाचा.

पेनने लग्न केले नाही. १८२५ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’कर्त्या मेरी शेलीला त्याने मागणी घातली होती, ती तिने नाकारली.

त्याच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र रंगभूमीबाहेरचा आहे. १८३२ मध्ये तो स्वदेशी परतला. जॉर्जिया राज्य तेव्हा चेरोकी लोकांना त्यांच्या पिढीजात भूमीवरून हुसकावून लावण्याच्या खटपटीत होते. १८३५ मध्ये पेन त्यांचे प्रमुख जॉन रॉस यांच्याकडे जाऊन राहिला आणि त्या लोकांचा इतिहास व रीतिरिवाज उतरवून घेऊ लागला. नोव्हेंबरात जॉर्जियाच्या शिपायांनी राज्याची हद्द ओलांडून दोघांनाही पकडून नेले. वाटेत एक शिपाई ‘होम, स्वीट होम’ गुणगुणत होता, अशी आठवण सांगितली जाते. घरे हिरावून घेणाऱ्याच्या तोंडी घराचे गाणे! पेन काही दिवसांनी सुटला. चेरोकींना १८३८-३९ मध्ये पश्चिमेकडे हाकलण्यात आले. त्या वाटेवर हजारो माणसे दगावली. पेनचे ते कागद शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत.

१८४२ मध्ये त्याला ट्यूनिस येथे अमेरिकेचा वकील म्हणून नेमण्यात आले. तीन वर्षांनी ती जागा गेली, १८५१ मध्ये पुन्हा मिळाली, आणि ९ एप्रिल १८५२ रोजी तो तेथेच वारला. दहा वर्षांनी, अमेरिकेच्या यादवी युद्धात, मर्फ्रीझबरोच्या लढाईच्या आदल्या रात्री समोरासमोरच्या दोन्ही छावण्यांतील बँडांनी हीच चाल वाजविली. १८८३ मध्ये कॉर्कोरन नावाच्या धनिकाने स्वखर्चाने पेनच्या अस्थी मायदेशी आणविल्या. वॉशिंग्टनच्या ओक हिल दफनभूमीत त्या पुरल्या गेल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आर्थर स्वतः हजर होते.