मुक्या जिवाची वेदना कशी मोजावी?

निर्गुडीचा पाला गरम करून दुखऱ्या सांध्यावर बांधण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. त्याने ठणका कमी होतो, असा लोकांचा अनुभव आहे. परंतु तो पाल्याच्या गुणाने, शेकाच्या उष्णतेने की केवळ विश्वासाने कमी होतो, याचा निर्णय प्रयोगानेच होऊ शकतो.

असे प्रयोग शिकविणाऱ्या संस्थांमध्ये चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातील औषधनिर्माणशास्त्र विभागाची गणना होते. १९४४ साली लाहोर येथे स्थापन झालेला हा विभाग फाळणीनंतर भारतात आला. येथे प्राध्यापक राहिलेले एस. के. कुलकर्णी यांचा प्रायोगिक औषधशास्त्रावरील ग्रंथ विद्यार्थ्यांना सुपरिचित आहे.

उंदीर आपले दुःख बोलून दाखवीत नाही. म्हणून त्याचे वर्तन मोजावे लागते. पांढऱ्या उंदरांचे गट पाडतात. एकास नुसता द्रव, दुसऱ्यास मॉर्फीनसारखे परिचित औषध आणि इतरांस वनस्पतीचा अर्क निरनिराळ्या मात्रांत देतात. मग सुमारे ५५ अंश सेल्सियस तापमानाच्या पट्टीवर ठेवलेला उंदीर किती सेकंदांनी पंजा चाटतो वा उडी मारतो, हे पाहतात. इजा होऊ नये म्हणून ठरावीक सेकंदांनंतर त्यास उचलून घेतात. दुसऱ्या चाचणीत सौम्य ॲसेटिक आम्ल पोटात टोचून पोटाचे आळेपिळे मोजतात. मेंदू व मज्जारज्जूवर कार्य करणारे मॉर्फीन दोन्ही चाचण्यांत प्रभावी ठरते. ॲस्पिरीनचा गुण मुख्यतः दुसरीत दिसतो. यावरून अर्काच्या कार्याची दिशा कळते.

तथापि येथे एक फसगत संभवते. गुंगी आलेला उंदीरही स्वस्थ राहतो! म्हणून फिरत्या दांड्यावर त्यास तोल सांभाळता येतो की नाही, हेही तपासावे लागते.

वेदना शमविण्याच्या शोधासाठी वेदना द्यावी लागते, हे या शास्त्रापुढील खरे संकट होय. रसेल व बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्यांना पर्याय शोधावा, त्यांची संख्या घटवावी, त्यांचे क्लेश कमी करावेत. भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वये अशा प्रयोगांवर नियंत्रण असून संस्थेच्या नीतिसमितीची अनुमती आवश्यक असते.

निर्गुडीच्या पानांच्या अर्काने अशा चाचण्यांत वेदनाशामक गुण दाखविला आहे. परंतु उंदरास लाभलेला आराम म्हणजे मनुष्याचे औषध नव्हे. विषारीपणाची तपासणी आणि रुग्णांवरील काटेकोर चाचण्या यांनंतरच लोकानुभवास शास्त्राची मान्यता मिळते.