युनिक्स प्रणालीत वापरकर्त्याचे सत्र नीट कसे संपवावे?

प्रयोगशाळेचा सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद करायचा आहे आणि दोन-तीन जण अजून लॉगिन आहेत, अशी वेळ सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरवर नेहमी येते. बरेच जण लगेच 'किल' कमांडला ९ क्रमांक देऊन मोकळे होतात. सत्र संपते, पण वापरकर्त्याचे न साठवलेले कामही जाऊ शकते. हे का घडते, ते या टिपणात पाहू.

लॉगिन झाल्यावर सुरू होणारा शेल हा सत्राचा प्रमुख असतो. एडिटर, कंपायलर वगैरे प्रोसेस त्याच शेलमधून सुरू होतात. त्यांना थांबवण्यासाठी मुख्यतः तीन सिग्नल वापरतात.

सिगहप (१): टर्मिनलशी जोडणी तुटली, असा याचा मूळ अर्थ. मोडेमवरून फोनची लाइन तुटण्याच्या काळातले हे नाव आहे. हा सिग्नल मिळाल्यावर बॅश शेल कमांडचा इतिहास फाइलमध्ये लिहितो, आपल्या जॉब्जना तोच सिग्नल पाठवतो आणि संपतो. विम एडिटर न साठवलेला मजकूर स्वॅप फाइलमध्ये जपून ठेवतो.

सिगटर्म (१५): 'आता आवरते घ्या' अशी विनंती. सिग्नल न सांगता 'किल' दिल्यास हाच जातो. मात्र इंटरॅक्टिव्ह बॅश शेल याकडे दुर्लक्ष करतो! म्हणून 'किल चालत नाही' असे समजून विद्यार्थी ९ कडे वळतात. खरे तर तेथे १ वापरायला हवा.

सिगकिल (९): हा कोणत्याही प्रोसेसला अडवता किंवा टाळता येत नाही. कर्नल ती प्रोसेस थेट संपवतो, त्यामुळे आवराआवर करण्याची संधीच मिळत नाही. तात्पुरत्या फाइली आणि लॉक फाइली तशाच मागे राहू शकतात.

योग्य क्रम असा (दुसऱ्याच्या प्रोसेससाठी रूटचे अधिकार लागतात):

१. 'हू' वापरून कोण कोणत्या टर्मिनलवर आहे ते पाहा. 'पीएस' वापरून काय चालू आहे ते तपासा.
२. 'वॉल' वापरून सर्वांना सूचना द्या आणि काम साठवायला पुरेसा वेळ द्या.
३. शेलला सिगहप पाठवा.
४. काही सेकंद थांबून, उरलेल्या प्रोसेसना सिगटर्म पाठवा.
५. तरीही न संपणाऱ्या प्रोसेसलाच सिगकिल द्या.

एक लक्षात ठेवा. 'नोहप' किंवा 'टीमक्स' वापरून सुरू केलेले काम सत्र संपल्यावरही चालू राहू शकते. ते मुद्दाम तसे ठेवलेले असते, म्हणून संबंधित व्यक्तीला विचारूनच बंद करा.

स्वाध्याय: बॅश शेलची दोन टर्मिनल उघडा. एकातून दुसऱ्याच्या शेलला आधी १५ आणि मग १ क्रमांकाचा सिग्नल पाठवा. प्रत्येक वेळी काय झाले आणि का, ते दोन-तीन वाक्यांत लिहा.