भुकेला प्रायश्चित्त कशाला?

डोंबिवलीच्या अलीकडील कोपरसारख्या गावी लोकलने दमून आलेल्या कित्येक सुना-मुली भातावर तूप घेताना कचरतात, व घेतलेच तर दुसरे दिवशी उपाशी राहून त्याचे प्रायश्चित्त घेतात. अशा उपासमारीने काय साधते? १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी राहिले. त्यांचे चित्त अहोरात्र अन्नाभोवतीच घुटमळू लागले. बंधन सुटल्यावर कित्येकांना पोटभर जेवूनही तृप्ती लाभेना. आपली ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण निराळे काय सांगते? म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच, की पंक्तीत मुलीबाळींचे घास मोजू नयेत. भूक हा अपराध नव्हे. तो देहाचा धर्म आहे.