चिखलदरा थंड, पण किती?

मे महिन्यात चिखलदऱ्याला जाऊन आलेल्या अकोल्याच्या एका वाचकाने विचारले आहे, 'डोंगर चढलो म्हणजे सूर्याच्या आणखी जवळ गेलो. मग वर तपन कमी कशी?' शाळेतली मुलेही हेच विचारतात, म्हणून प्रश्न सोपा समजू नये.

सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. आपण जेमतेम एक किलोमीटर चढतो, तेव्हा जवळ जाण्याचा हिशेब इथेच संपतो. दुसरे नेहमीचे उत्तर म्हणजे 'वर झाडी आहे म्हणून'. झाडीने गारवा येतो हे खरे, पण चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याच्या उघड्याबोडक्या बुरुजावरची हवाही त्या घटकेला अकोल्यातल्या हवेपेक्षा थंडच असते.

या कोड्याचा माग ज्याने हातात उपकरण घेऊन काढला, त्याचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी दिसले नाही, याची खंत वाटते. जिनिव्हाचा ओरास-बेनेडिक्ट द सोस्यूर. आल्प्सच्या माँ ब्लाँ शिखरावर चढण्याची वाट शोधणाऱ्याला त्याने १७६० मध्ये बक्षीस लावले. ते शिखर १७८६ मध्ये सर झाले आणि पुढच्याच वर्षी तो स्वतः वर गेला. बरोबर वायुभारमापक, तापमापक आणि आकाशाच्या निळाईची छटा मोजायचे साधनही होते! शिखरावर पोचून तो मोजमापे करत बसला. असा गिर्यारोहक मला फार आवडतो.

त्याआधी त्याने एक पेटी बनवली होती. लाकडाची, आतून काळ्या बुचाचे अस्तर, वरून काचांचे तीन थर. उन्हात ठेवली की आतले तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर जाई. ही पेटी तो क्रामाँ नावाच्या डोंगराच्या माथ्यावर घेऊन गेला. माथ्यावरची हवा चांगलीच गार होती, तरी पेटी तापायची तेवढी तापली. मग खाली येऊन त्याने तीच पेटी दरीतल्या उबदार हवेत ठेवली. आतला आकडा जवळजवळ तोच! म्हणजे उन्हाचा जोर डोंगरावर कमी होत नाही. फरक आहे तो हवेत. ऊन हवेतून आरपार जाते, तिला फारसे तापवत नाही. आधी जमीन तापते आणि जमिनीवरून हवा तापते. पुढे १८२४ मध्ये फ्रेंच गणितज्ञ फूरियेने पृथ्वीच्या उबेविषयी लिहिताना याच पेटीचा आधार घेतला. आज हरितगृह परिणामाची चर्चा फूरियेपासून सुरू होते, आणि पेटी डोंगरावर नेणारा मागेच राहतो.

आता उत्तराचा उरलेला अर्धा भाग. जमिनीलगत तापलेली हवा वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते, आणि पसरायला लागणारी ऊर्जा स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करते. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबला की बोटाला गार हवा लागते, तसेच हे. कोरडी हवा अशी चढताना दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. हवेत बाष्प असेल आणि ढग धरू लागले, तर बाष्पाचे पाणी होताना उष्णता सुटते आणि ही घट पाच-सहा अंशांवर येते. पुस्तकात जो ६.५ अंशांचा आकडा छापलेला असतो, तो सरासरीचा. वऱ्हाडातल्या मेमधल्या कोरड्या दुपारी तो लावणे चूक आहे.

अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, चिखलदरा १,११८ मीटरवर. फरक साधारण ८४० मीटरचा, म्हणजे आठ अंशांचा. अकोल्यात ४५ असेल तेव्हा चिखलदऱ्यात ३७. 'विदर्भाचे नंदनवन' या बिरुदावर माझा राग नाही, पण भर दुपारी ३७ अंशांना थंड हवा म्हणू नये. तिथला खरा गारवा सूर्य कलल्यावरचा आणि पहाटेचा.

उंची तीच असली म्हणून गारवा तोच असतो असे मात्र नाही. नॉर्वेतल्या गाल्हपिग्गन या स्कँडिनेव्हियातल्या सर्वोच्च शिखराची उंची २,४६९ मीटर. स्पिटरस्टुलेन या ज्या मुक्कामावरून लोक जुलैत तिकडे चढू लागतात, तो सुमारे १,१०० मीटरवर, म्हणजे बरोबर चिखलदऱ्याच्या पातळीला. त्या उंचीला तिथे झाडी संपत येते आणि पुढची वाट दगडधोंड्यांची आणि बर्फाची. आपल्याकडे त्याच उंचीवर कॉफी पिकते. उंचीचा नियम दोन्हीकडे तोच, सुरुवात कुठल्या तापमानापासून होते ते वेगळे.

आपल्याकडे ही उंची एकदम उठते, हे भाग्य भूगर्भाचे. सातपुड्याच्या दक्षिण कडेने गाविलगड भ्रंश जातो. त्याच्या उत्तरेचा बेसाल्ट वर राहिला, दक्षिणेचा खाली गेला आणि त्यावर पूर्णा नदीचा गाळ साचला. तोच आपला खारपाणपट्टा. म्हणून अकोटहून शहानूरला पोचेपर्यंत रस्ता सपाट, आणि तिथून नरनाळा किल्ल्याचा डोंगर समोर उभा.

नरनाळा मेमध्ये चढणाऱ्यांनी मात्र एक हिशेब करून पाहावा. चढ सहाशे मीटरचा आणि वजन सत्तर किलो धरू. शरीर वर उचलण्याचे काम होते जेमतेम शंभर किलोकॅलरीचे, पण स्नायू त्यासाठी चारपट ऊर्जा जाळतात. उरलेल्या तीनशे किलोकॅलरींची उष्णता होते. ती बाहेर टाकायला अर्धा लिटर घाम वाळावा लागतो. ऊन आणि गरम वारा यांची भर निराळी. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम असली की वारा गारवा देत नाही, उलट तापवतो. हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, त्यामुळे पाणी किती गेले ते कळत नाही. शिवाय कातळाला हात लावून चढायची वेळ आली, तर काळा दगड हात भाजतो. आणि सोस्यूरची पेटी सांगते की माथ्यावरचे ऊन खालच्याइतकेच कडक असते. वारा जरा बरा लागला म्हणून डोक्यावरचा दुपट्टा सोडू नका.

१८०३ मध्ये इंग्रजांनी डोंगरातून तोफा ओढत नेऊन गाविलगड घेतला, तो १५ डिसेंबरला. मेमध्ये त्यांना ते जमले असते असे मला वाटत नाही.

वाचकांना एक विनंती. मोबाइलमधले हवामानाचे अॅप त्या जागेचे तापमान मोजत नाही, ते गणिताने काढलेला अंदाज दाखवते. त्यापेक्षा साधे तापमापक घ्या. दोन मित्रांपैकी एकाने परतवाड्यात थांबावे, दुसऱ्याने चिखलदऱ्यात. दोघांनीही सावलीत, जमिनीपासून छातीच्या उंचीवर, एकाच वेळी आकडा घ्यावा. एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैत ढग उतरलेले असताना. शाळांनी हे केले तर फारच उत्तम. जुलैतला फरक मेपेक्षा कमी यायला हवा. आकडे तारीख-वेळेसह लिहून आमच्याकडे पाठवा.